करडीची लीला, कोंढ्याची पुष्पा

भंडारा जिल्हा फिरायचा म्हटलं की लोक मला तलाव आणि जंगल विचारतात. मी पहिल्यांदा गेले ती एक रिपोर्ट पोचवायला, १९८३ च्या जुलैत. फोटो नाहीत. कॅमेरा नव्हता, आणि असता तरी भिजला असता.

आमच्या विद्यापीठाच्या संशोधन संस्थेत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी नवं पथक निघणार होतं आणि प्रमुखपदासाठी माझी मुलाखत सोमवारी होती. छापून आलेल्या लेखांच्या प्रती मी ऐटीत लावत बसले होते. तेवढ्यात आमचे सर आले आणि रजिस्टर उघडून त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. लीला, करडीच्या शिबिरात दोन वर्षांपूर्वी तपासणीसाठी रक्त दिलेलं, आजार निश्चित. शेरा : 'लग्न होऊन कोंढ्याला गेली. कोंढ्यात या नावाची सून नाही.'

"पथक चालवायचंय ना? मग हा एक कागद पोचवून दाखवा," सर म्हणाले.

मला रागच आला. हे काय माझं काम? पण शुक्रवारी पहाटेची एसटी पकडली.

नागपूर-भंडारा रस्ता चांगला, गाड्या भरपूर. भंडाऱ्याच्या स्टँडवर भजी खाऊन घ्या, कारण करडीची गाडी लागेल तेव्हा लागेल. पुढे दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि त्यांत पाण्यात उभ्या राहून रोवणी करणाऱ्या वाकलेल्या बाया. खिडकीतून फार सुंदर दिसतं ते.

करडीत लीलाच्या आईनं आधी जेवायला बसवलं. भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, वर हात सैल सोडून तूप. ताट रिकामं होईपर्यंत तिनं मला कामाचं बोलूच दिलं नाही.

"तिकडं लीला म्हणून कोण ओळखन तिले?" ती हसली. "लग्नात तांदळात नाव लिवलं न नवऱ्यानं. पुष्पा म्हणतेत आता तिले."

मी कपाळावर हात मारला. माझ्या स्वतःच्या आईचं नाव लग्नात बदललेलं, आणि आम्हा शहाण्यांपैकी एकालाही हे सुचू नये!

मुक्काम तिथेच झाला. दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याहून अड्याळमार्गे पवनीला जाणारी गाडी धरून कोंढ्याला उतरले. घर लगेच सापडलं. पुष्पा खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन पडली होती आणि सासू ओसरीवर तणतणत होती.

"सारं गाव रोवणीले गेलं, अन् हे पडून राहिली. पान्यात पाय टाकला का हातपाय दुखतेत म्हणे. नाटकं!"

पुष्पाला विचारून मी रिपोर्ट मोठ्यानं वाचला. दोष तिच्या रक्तातच आहे, जन्मापासून. फार वेळ गार पाण्यात उभं राहिलं की दुखणं उसळतं. यावर पक्का इलाज नाही, पण जपलं तर त्रास कमी होतो. ती खोटं बोलत नाही.

सासू उठून आत गेली, गरम पाणी आणि फडकं घेऊन आली आणि सुनेचे पाय शेकायला बसली. "सांगाले पायजे होतं न, माय," एवढंच तिला म्हणाली.

पुष्पानं कागद हातात घेतला. "हा तुमच्यापाशी किती दिसापासून होता, बाई?"

"दोन वर्षं."

"मलेबी वाटाले लागलं होतं," ती हळूच म्हणाली, "का मी कामचोरच आहो."

खर्च म्हणाल तर फक्त एसटीची तिकिटं. बाकी कोणी काही देऊच दिलं नाही, सासूनं तर परतताना पोह्यांची पुरचुंडी बांधून दिली. सोमवारी मुलाखतीत लेखांच्या प्रती तशाच राहिल्या, मी हेच सांगत बसले. पद मिळालं आणि पुढे बरीच वर्षं सांभाळलं. पहिला हुकूम काढला तो रजिस्टरात माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही नावं लिहिण्याचा, आणि रिपोर्ट महिन्याच्या आत हातात देण्याचा.

मुदत अनेकदा चुकली. चुकली की मी स्वतः गाडी पकडत असे. दारात उभी राहिले की आधी किती उशीर झाला ते सांगायचे, आणि मग आजाराचं नाव.