रंधाकाका आणि न हलणारी जमीन

गावात असं एकही दार नाही ज्याला रंधाकाकांचा हात लागलेला नाही, आणि असं एकही दार नाही जे काटकोनात आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं गावातली वाईट तोंडं म्हणतात. पण ते खोटं. काकांचा हात बेताचा असेल, दोष मात्र जमिनीचाच.

गावाच्या पोटात कोळशाची खाण. बंद पडली तेव्हा वरचं सगळं विकलं गेलं, पार रुळांच्या खिळ्यांपर्यंत. खालची पोकळी तेवढी कोणी घेतली नाही. तिथले लाकडी टेकू कुजत गेले आणि वरची जमीन, गुडघ्यावर हात ठेवून खाली बसणाऱ्या म्हातारीसारखी, दरवर्षी थोडी थोडी टेकत गेली. जमीन टेकली की भिंत कलते, भिंत कलली की चौकट, चौकट कलली की दार अडतं. दार अडलं की रंधाकाका. खरी गंमत पुढेच आहे. ते टेकू तरुणपणी लावले होते कोणी? काकांनीच. म्हणजे आधी जमीन धरून ठेवायचा पगार खाल्ला, आणि ती सुटल्यावर दारं तासायची मजुरी. असं नशीब मंत्र्यालाही मिळत नाही.

काकांची पद्धत ठरलेली. आले की दाराकडे बघायचं नाही. खिशातून गोटी काढायची, जमिनीवर ठेवायची, ती कुठे घरंगळते ते बघायचं. "हं, तिसरा बोगदा बसतोय," म्हणायचं. मग ओल्या पेन्सिलीनं दारावर तिरकी रेघ, आणि रंधा चालू. खाणीच्या बाजूला बोटभर जास्त तासायचे. कोणी हटकलंच तर म्हणायचे, "ही पुढच्या दोन वर्षांची फट. आगाऊ."

खाण गेली तसे गावात धंदे बदलत गेले, इमारती मात्र त्याच. जिथे खाणकामगारांचे पगार वाटले जायचे, तिथे दातांचा दवाखाना आला. पगाराच्या खिडकीवरून पूर्वी माणसं हसत निघायची, आता गालाला हात लावून निघतात. कामगारांचे दिवे ठेवायच्या खोलीत ब्यूटी पार्लर. काम तेच, उजेड पाडायचं. कामगारांच्या मोठ्या न्हाणीघरात एकानं अळंबीची लागवड केली, कारण चाळीस वर्षांची ओल भिंतींनी फुकट दिली. कामगारांना खाणीत नेणारा-आणणारा पाळणा वर-खाली ओढणाऱ्या यंत्राच्या घरात व्यायामशाळा निघाली. यंत्र वजनं उचलून माणसांना कुठेतरी पोहोचवायचं तरी, ही पोरं उचलतात आणि तिथल्या तिथेच ठेवतात. आणि सुरुंगाच्या दारूचं कोठार होतं, गावाबाहेर, हातभर जाडीच्या भिंतींचं, तिथे झालं पाळणाघर. याहून योग्य जागा शोधून सापडली नसती.

धंदे पन्नास प्रकारचे, पण सगळ्यांचं दार अडायचं, आणि सगळ्यांना काका लागायचे. व्यायामशाळेचा मालक तेवढा म्हणाला, "सुतार कशाला? आपण आहोत ना," आणि त्यानं असा हिसका दिला की मूठ हातात आली, दार जागेवरच. मग हातात मूठ घेऊन काकांकडे आला.

तर असं सगळं छान वाकडं चाललेलं असताना वाळूवाला साहेब आला.

हा साहेब इंजिनिअर. त्यानं वर्षभर मोठमोठ्या नळ्यांनी पाणी आणि वाळू खाली बोगद्यांत सोडली. पोकळी भरली. मग त्यानं गावातल्या भिंतींच्या भेगांवर काचेच्या बारीक पट्ट्या आडव्या चिकटवल्या आणि चौकात सांगितलं, "भिंत केसभर जरी हलली तरी ही काच तडकेल. सहा महिन्यांत एकही तडकली नाही, तर जमीन कायमची थांबली असं समजा. मग खुशाल चौकटी सरळ करा, वर मजला चढवा."

गावानं टाळ्या वाजवल्या. काकांनीही वाजवल्या, पण एकाच हातानं वाजवल्यासारख्या.

कारण दारं अडायचीच थांबली. पहिल्या महिन्यात काकांना वाटलं, लोक विसरले असतील. दुसऱ्या महिन्यात ते स्वतःच फिरायला लागले. कोणाच्याही दारात उभं राहून, आजाऱ्याची चौकशी करावी तसं विचारायचे, "काय, अडत नाही ना? जरा? पावसाळी हवेत तरी?"

"नाही हो काका, लोण्यासारखं फिरतंय!"

"वा, वा," म्हणायचे आणि मेलेल्या चेहऱ्यानं पुढच्या दाराकडे वळायचे.

शहरातल्या मुलाला हे कळलं. त्याचा फोन आला, "बाबा, आता तिथे काय ठेवलंय? इकडे या. मी टेम्पो घेऊन येतो, एका फेरीत सामान येईल."

मुलाचं घर चौदाव्या मजल्यावर. काका पूर्वी एकदा राहून आले होते. तिथलं दार बोट लावलं की मिटायचं, कुरकुर नाही, घासणं नाही. काका दोन दिवस ते उघडत होते आणि मिटत होते. तिसऱ्या दिवशी सुनेनं मुलाला बाजूला घेऊन विचारलं, "बाबा बरे आहेत ना?"

काकूंना जायला हरकत नव्हती. "नातीला खेळवू. तुम्ही तरी इथे कोणाला खेळवताय? गोटीला?"

"सहा महिने होऊ दे," काका म्हणाले. "एक काच तडकली तरी मी इथून हलणार नाही."

"आणि नाही तडकली तर?"

"तर बोलाव त्याच्या टेम्पोला."

शब्द गेला. आता काकांची सगळी मदार त्या काचांवर. रोज सकाळी उठून ते गावभर काचा बघत फिरायचे. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याला गावाची केवढी काळजी! पार्लरवाली तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "काका रोज येऊन माझी भिंत बघून जातात. सख्खे काका करणार नाहीत."

पाच महिने गेले, सगळ्या काचा धडधाकट. शेवटच्या आठवड्यात काकांनी जेवताना काकूंना विचारलं, "अगं, एखादी वस्तू आपोआप फुटणारच असेल, आणि ती जरा आधी फुटली, तर त्यात पाप असतं का?"

काकूंनी भाताचा चमचा हवेत थांबवला. "कोणाचं काय फोडलंत?"

"फोडलं नाही. शास्त्र म्हणून विचारतोय."

दुसऱ्या दिवशी दुपारी काका दवाखान्यात शिरले. गावातली सर्वात मोठी भेग तिथली, आतल्या खोलीत, हात धुवायच्या भांड्याच्या वर. फुटली तर तीच काच फुटावी, कोणाला संशयही येणार नाही असा काकांचा हिशेब. खिशात रुमालात गुंडाळलेली छोटी हातोडी. बाहेरच्या बाकावर अळंबीवाला, पार्लरवाली आणि व्यायामशाळेचा मालक नंबर लावून बसलेले. काका त्यांच्याकडे न बघता सरळ आत गेले. डॉक्टरीणबाई तेव्हा मागच्या खोलीत होत्या. काकांनी रुमाल बाहेर काढला, काचेपर्यंत हात नेला, आणि मागून आवाज आला, "काका! आलात एकदाचे!"

हात तिथल्या तिथे गालावर आला.

"काकू किती दिवस सांगतायत, यांची उजवी दाढ ठणकते पण हे येत नाहीत म्हणून. बसा बसा. रुमालात काय आहे?"

"बर्फ," काका म्हणाले. "शेकायला."

"द्या इकडे, बाजूला ठेवते. बापरे, चांगलाच घट्ट जमलाय."

आता यात खोटं काही नव्हतं. दाढ खरंच ठणकत होती, वर्षभर. काकांनी ती घरात कोणाला कळू दिली नाही असं त्यांना वाटत होतं. पण दाराची कुरकुर ऐकणाऱ्याची कुरकुर बायको ऐकत नसेल का? खुर्चीवरून उठायला एकच कारण सांगता आलं असतं, आणि ते सांगण्यासारखं नव्हतं. तेव्हा काका आडवे झाले. समोर भिंतीवर ती काच, अखंड, चकचकीत. तिच्याकडे बघत त्यांनी आ केला.

दाढ निघाली तेव्हा काका जे ओरडले, ते म्हणे पाळणाघरापर्यंत गेलं आणि तिथली झोपलेली बारा मुलं एका सुरात उठली. हे अळंबीवाल्याचं म्हणणं, त्याला थोडं वाढवून सांगायची सवय आहे. पण बाहेरचं बाक रिकामं झालं हे मात्र खरं. सगळ्यात आधी व्यायामशाळेचा मालक पळाला.

डॉक्टरीणबाईंनी डोकावून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "गेले! तिघंही गेले! महिनाभर हेच चाललंय, काका. आत कोणी नुसतं हाय म्हटलं तरी बाहेर ऐकू जातं. कशामुळे माहीत आहे? तुमच्या त्या दारामुळे!"

तोंडात कापसाचा बोळा. काकांनी भुवया उंचावून विचारलं.

"त्या साहेबावर विश्वास ठेवून, सहा महिने भरायच्या आधीच, मी गेल्या महिन्यात गवंड्याकडून चौकट सरळ करून घेतली. आता दार बसतच नाही. पूर्वी अडायचं तरी, पण बंद व्हायचं!"

तेव्हा काकांनी दार पाहिलं. गवंडी गावात चौकटी सरळ करायला लागला त्या दिवसापासून त्यांनी रागानं दारांकडे बघणंच सोडलं होतं. चौकट ओळंब्यात, सुतासारखी सरळ. आणि तिच्यात काकांनी तीस वर्षं तासलेलं दार असं दिसत होतं, जसं फोटोसाठी सगळे ताठ उभे असताना एकानंच खांद्यावर मान टाकावी. वरच्या कोपऱ्यात चांगली तळहातभर फट. त्यातून बाहेरचं बाक, बाकावर पार्लरवालीची विसरलेली छत्री, सगळं दिसत होतं.

बाईंनी बाजूला ठेवलेला बर्फ उचलला, बघतात तर पाणी सुटलेलं नाही. रुमाल सोडला. आत हातोडी.

काकांनी मनात हिशेब केला. दाढ गेली त्याचं काही नाही, आता अब्रू जाणार. पण बाईंनी हातोडीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा एकदम पडला. "अगं बाई! म्हणजे तुम्ही दार दुरुस्त करायला आला होतात? आणि मी धरून बसवलं, दाढच काढली! मग आधी का नाही बोललात?"

काकांनी मान हलवली. नेमकी कशाला हलवली, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"आता तासू नका हं. जेवढं काढलंत तेवढं परत लावा. कुठे आहे ते सगळं लाकूड?"

ते सगळं काकूंच्या चुलीतून धूर होऊन कधीच गेलं होतं. काकांनी आकाशाकडे बोट दाखवलं. बाईंना वाटलं, देवाची शपथ घेतायत.

"संध्याकाळपर्यंत तोंड उघडायचं नाही," बजावून त्यांनी काकांना घरी पाठवलं. पण गावात बातमी माणसाच्या आधी पोहोचते. पळालेल्या तिघांना कळलं की ते ओरडणं काकांचं होतं, आणि काका आता दारांना लाकडाच्या पट्ट्या बसवून देणार आहेत. तिघंही येऊन काकांच्या ओट्यावर भांडायला लागले.

"चौकट सरळ केल्यापासून माझ्या खोलीतला गारवा निघून जातो. अळंबी रुसलीय," अळंबीवाला म्हणाला.

"गारव्याचं काय घेऊन बसलात? माझ्याकडे बायका तोंडाला लेप लावून बसतात आणि फटीतून सगळा रस्ता बघतो! आधी माझं!"

मग पाळणाघरवाली आली, कडेवर एक घेऊन. "हा दाराखालून रांगत पार फाटकापर्यंत गेला. मला आजच पाहिजे."

तोंडात कापूस असल्यामुळे काकांना कोणालाही नाही म्हणता आलं नाही. आणखी लोक येत गेले, तसे ते कितव्या दिवशी येणार ते बोटांनी दाखवत गेले. दोन्ही हातांची बोटं संपली, तेव्हा काकूंनी फोन लावला.

"अरे, टेम्पो आण, पण रिकामा नको आणूस," त्या मुलाला म्हणाल्या. "येताना चांगल्या लाकडाच्या पट्ट्या भरून आण. आणि नातीला पाठव सुट्टीत. नाही, तुझे बाबा आत्ता बोलू शकत नाहीत. नाही रे, आनंदानं नाही, दाढ काढलीय."

रविवारी मुलगा लाकूड उतरवून, चहा पिऊन, जरा फुरंगटून परत गेला. काकांनी पहिली पट्टी दवाखान्यासाठी घेतली. हे काम नवीन होतं. जन्मभर लाकूड काढलं, जोडलं कधीच नव्हतं. त्यांनी पट्टी दाराला लावून बघितली, हात फिरवला, जरा जाड वाटली. रंधा घेतला. एक हात मारला. बरं वाटलं. आणखी एक मारला. रंध्याचा आवाज, पायाशी पडणारी वेटोळी, किती महिन्यांनी! डॉक्टरीणबाई पेशंट सोडून बाहेर येईपर्यंत पट्टीचा कागद झाला होता.

"काका," त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "ही पण तासून टाकलीत?"

काकांनी पट्टी उजेडात धरून पाहिली. पलीकडचं दिसत होतं.

"दुसरी घेतो," ते म्हणाले. "लाकूड भरपूर आहे."