शिडी धरणाऱ्याचा बाण

“डस्टर नको. ओढणीने पूस.”

सर हे हळू आवाजात म्हणाले. ओरडले असते तर परवडलं असतं. मी फळ्यापुढं उभी, हातात खडू, आणि पाठीमागं सगळा वर्ग. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष, मेकॅनिक्सचा तास. फळ्यावर मी शिडी काढली होती. भिंतीला टेकलेली शिडी, तिच्यावर चढणारा माणूस, आणि शिडीला कुठून कुठून जोर लागतो त्याचे बाण. याला फ्री बॉडी डायग्राम म्हणतात. वस्तू सगळ्या जगापासून सोडवून एकटी काढायची, आणि तिला जे जे टेकलंय, ढकलतंय, ओढतंय ते बाणानं दाखवायचं. स्टॅटिक्सचा श्रीगणेशाच हा. इथं जो अडकला तो पुढं सगळीकडं अडकतो.

मी शिडीचं वजन काढलं. माणसाचं वजन काढलं. भिंतीचा रेटा, फरशीचा रेटा, फरशीचं घर्षण. सगळं बरोबर. तिथं थांबायचं होतं. पण हात थांबला नाही. शिडीच्या पायाशी मी आणखी एक बाण काढला, भिंतीकडं तोंड केलेला.

“हा कोणाचा?”

“शिडी धरणाऱ्याचा, सर.”

“गणितात लिहिलंय का, कोणी शिडी धरली आहे म्हणून?”

“नाही सर. पण धरत्यातच की.”

वर्ग फुटला. पुढच्या बाकावरची पोरं तर टेबलावर हात आपटून हसत होती. सर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“वडील काय करतात?”

“रंगकाम.”

“वाटलंच. हे बघ, पुस्तकातल्या शिडीला तुमच्या माणसांची गरज नसते. सवलतीत ॲडमिशन मिळते, डोकं मिळत नाही.”

मी डस्टर घ्यायला हात पुढं केला. तेव्हा ते ओढणीचं म्हणाले. वर म्हणाले, “पुसायची सवय असेलच घरी.”

आणि मी पुसला. ओढणीच्या टोकानं तो बाण पुसला. निळ्या ओढणीला पांढरा पट्टा पडला. मला राग यायला पाहिजे होता. नाही आला. भ्या वाटलं. एकच गोष्ट डोक्यात, की हा माणूस मला पास करणार नाही.

त्या दिवसापासून माझं नाव पडलं ‘शिडी’. पोरं व्हरांड्यातून जाताना म्हणायची, ए शिडी, धर जरा. मी खाली मान घालून जायचे. माझं खरं नाव वर्गातल्या किती जणांना ठाऊक होतं कुणास ठाऊक.

एक सांगून टाकते. गणितापुरते सर बरोबर होते. जे दिलेलं नाही ते काढायचं नाही, हा नियम आहे आणि तो चांगला नियम आहे. माझी चूक ती चूकच. पण चुकीसाठी खाडाखोड पुरते. बाप काढायची गरज नव्हती, आणि ओढणीची तर नव्हतीच नव्हती.

आता ही चूक माझ्याच हातून का झाली ते सांगते. आमची वस्ती पिंपळीच्या कडेला. गावात तिचं नाव घेताना लोक अजून आवाज बारीक करतात. आई काटेवाडीकडच्या मळ्यांत वांगी-टोमॅटो तोडायला जाते, टेम्पोत दाटीवाटीनं बसून. आणि माझे वडील, म्हणजे आबा, ठेकेदाराच्या गाडीतनं लोणी देवकरच्या एमआयडीसीत जातात. शेड रंगवायला. त्यांच्याबरोबर तात्या असतात. तात्या आमच्याच वस्तीतले, वयानं आबांपेक्षा मोठे. आबा वर, तात्या खाली. अशी जोडी.

आधी खाली तात्या नव्हते, दुसरा एक होता, आणि वर माझे चुलते होते. एक दिवस मुकादमानं खालच्याला चहा आणायला पिटाळलं, आणि शिडी निसटली. चुलते अजून आहेत. बाजेवर आहेत. कुशीवर वळवायला दोन माणसं लागतात. तेव्हापासून आमच्या वस्तीतल्या रंगाऱ्यांनी एक रीत धरली. वर चढणारा पहिल्या पायरीवर पाय ठेवण्याआधी विचारतो, “धरली का?” खालचा म्हणतो, “धरली.” हे ऐकू आल्याशिवाय पाय उचलायचा नाही. आणि खालच्यानं वरचा माणूस जमिनीला लागल्याशिवाय हात सोडायचा नाही. कुणी हाक मारू दे, शिव्या देऊ दे. शाळेच्या सुट्टीत मी आबांबरोबर जायचे, तेव्हा खालची मीच असायचे. पाय खालच्या पायरीवर, दोन्ही हात उभ्या दांड्यांवर, नजर वर. रंगाचे थेंब तोंडावर पडायचे तरी पुसायचे नाहीत.

मग सांगा, मी शिडी काढणार आणि तिच्या पायाशी माणूस काढणार नाही, हे कसं होणार?

तर मी अभ्यासाला लागले. हौस म्हणून नाही, भीतीपोटी. मामानं आईला आधीच बजावलं होतं, पोरीचं वर्ष वाया गेलं की शिक्षण बंद, इंदापूरचं स्थळ तयार हाय. तेव्हा मेकॅनिक्स राहिला म्हणजे सगळंच राहिलं. मी लायब्ररीत बसून शिडीची गणितं केली. इंग्रजी वाक्य तोडून तोडून वाचायचे. कुठल्या टोकाभोवती मोमेंट, म्हणजे फिरवणारा जोर, घ्यायचा, कुठला बाण त्यातून गळतो, हे हळूहळू बसायला लागलं. एकदा बसल्यावर मात्र मजा यायची, खोटं कशाला बोलू.

पण शिडीचं गणित जसं कळलं तशी माझी झोप उडाली. खालच्या पायऱ्यांवर माणूस असतो तोवर शिडी गुमान उभी असते. तो जसजसा वर जातो तसतसा शिडीचा पाय बाहेर निसटायला बघतो, आणि फरशीचं घर्षण एका हद्दीपुढं वाढत नाही. आणि फरशी गुळगुळीत, त्यात ओली असेल, तर शेवटच्या पायऱ्यांवर काहीच भरवसा नाही. चुलते अगदी टोकाला असताना का पडले ते मला त्या टेबलाशी बसून कळलं. आधी नुसतं भ्या होतं. आता भ्याला कारण मिळालं. आबा कामावर गेले की संध्याकाळी गाडी येईपर्यंत माझा जीव टांगणीला.

आणखी एक गोष्ट त्या पुस्तकानं शिकवली. हलत नाही म्हणजे त्या वस्तूवर जोर नाही असं नसतं. सगळीकडून दाबलेलं असतं म्हणूनही एखादी वस्तू जागच्या जागी राहते. मी शेवटच्या बाकावर हलत नव्हते.

मग कॉलेजात कुठली तरी कमिटी तपासणीला येणार होती. सगळीकडं धावपळ. मोठ्या हॉलला नवी चकचकीत फरशी बसली होती आणि भिंतींना रंग द्यायचा होता. सकाळी हॉलच्या दारातनं बघते तर तात्या बादल्या मांडतायत आणि आबा शिडी लावतायत. ठेकेदारानं त्यांना इकडं आणून टाकलं होतं. आबांना माझं कॉलेज माहीत होतं, पण त्यांनी घरी काही सांगितलं नव्हतं.

मी जवळ गेले. आबांनी इकडं तिकडं बघितलं आणि बारीक आवाजात म्हणाले, “तू हितं थांबू नगं. पोरं बघत्याल. जा तुज्या परीक्षंला.”

त्याच दिवशी माझी मेकॅनिक्सची तोंडी परीक्षा होती. लॅब हॉलला लागूनच. बाहेरचे परीक्षक आत बसलेले, आणि आम्ही सगळे हॉलच्या दाराशी रांगेत. माझा नंबर येत आलेला. मी मनातल्या मनात समीकरणं म्हणत होते आणि डोळे हॉलमध्ये. फरशी नुकतीच पुसलेली, ओली. आबा वर छताच्या पट्टीशी. तात्या खाली, पाय पायरीवर.

सर लॅबमधनं बाहेर आले. हॉलमध्ये नजर टाकली.

“ए, त्या खुर्च्या उचल आणि खाली ने. चल, लवकर.”

तात्या म्हणाले, “साहेब, शिडी धरलीया. वर माणूस हाय. उतरू द्या, मग नेतो.”

“शिडी कुठे पळून चालली आहे का? पाहुणे दारात येतील. तुझ्या ठेकेदाराला फोन लावू?”

तात्यांनी वर बघितलं. मग सरांकडं बघितलं. तात्यांचं वय झालंय, दुसरं काम त्यांना कोण देणार. ते वरती आबांकडं बघून म्हणाले, “सोडतो रं, सोपान. धीरानं उतर.” आणि त्यांनी हात काढले.

फळ्यावर तो बाण मी पुसला होता. इथं सरांनी तो माणूसच पुसला. हे तेव्हा माझ्या मनात आलं, असं नाही. तेव्हा काहीच आलं नाही. मी फक्त शिडीचा पाय बघत होते. आबांनी उतरायला वजन टाकलं आणि तो पाय ओल्या फरशीवर सरकला. एवढासाच, बोटभर. पण मला ठाऊक होतं पुढं काय होतं ते. मी ते कितीदा सोडवलं होतं.

मी पळाले. चप्पल कुठं गेली माहीत नाही. पाय पायरीवर रोवला, दोन्ही हातांनी दांडे आवळले आणि ओरडले, “धरली.”

वरनं आवाज आला, “कोण हाय खाली?”

“मी हाय, आबा. हलू नका.”

माझे हात इतके कापत होते की शिडी कापायला लागली. मी ती अंगानं दाबून धरली. एवढ्यात लॅबमधनं माझा नंबर पुकारला.

सर जवळ आले. तोच हळू आवाज. “आत जा. परीक्षक वाट बघतायत.”

“आबा खाली आल्यावर जाते, सर.”

“हे तुझे वडील?” त्यांनी वर बघितलं, मग माझ्याकडं. “आत्ताच्या आत्ता गेली नाहीस तर गैरहजर लावीन. मग बस घरी शिडी धरत.”

डोळ्यापुढं मामा आला, इंदापूरचं स्थळ आलं, आईचं तोंड आलं. वरनं आबा म्हणत होते, “जा गं माये. मी बघतो माजं. जा.” तेही घाबरले होते, त्यांच्या आवाजात कळत होतं. ते माझ्यासाठी घाबरले होते आणि मी त्यांच्यासाठी. आणि दोघंही त्या एका माणसाला घाबरून.

मी सरांकडं बघितलं. पहिल्यांदा सरळ बघितलं. वर्षभर त्यांच्याशी पुस्तकी बोलायचा आटापिटा केला होता, तो कुठल्या कुठं गेला.

“सर, ह्यो बाण मी पुसणार न्हाय.”

त्यांना कळलं. त्यांच्या तोंडावरनं दिसलं की कळलं. त्यांनी घड्याळ बघितलं आणि लॅबमध्ये गेले. दार लावून घेतलं.

“आता उतरा,” मी म्हणाले. “घाई करू नका.”

आबा एकेक पायरी उतरले. जमिनीला पाय लागले तेव्हा मी हात सोडले. बोटं वाकडीच राहिली होती, सरळ होईनात. आबांनी रंगाच्या हातानं माझं मनगट धरलं, आणि मग आठवण झाल्यासारखं पटकन सोडलं, माझ्या कपड्याला रंग लागेल म्हणून. तात्या खुर्च्या तशाच टाकून भिंतीशी बसले होते, डोकं धरून.

मी लॅबचं दार वाजवलं. आतनं शिपाई आला आणि म्हणाला, तुझी गैरहजेरी पडली.

मेकॅनिक्स राहिला. ज्यांनी गैरहजर लावलं त्यांना कुणी जाब विचारला नाही. मी ऑफिसात विचारायला गेले होते. मला बाहेर उभं केलं आणि सांगितलं, शिस्त म्हणजे शिस्त. मामा घरी आला तो स्थळाचा फोटो घेऊनच. आई चुलीत लाकडं सारत बसली होती. आबा बोलले. “तिनं शिडी सोडली न्हाय,” म्हणाले. “तिला मी सोडू व्हय?” मामा चहा न घेता गेला. अजून येत नाही. आईचं माहेर तुटलं ते तुटलंच, आणि सणाला ती दाराकडं बघत बसते ते मला दिसतं.

पुढच्या वेळी परत त्याच लॅबमध्ये, त्याच सरांपुढं बसले. घाबरले. नाही असं नाही. उत्तरं दिली, सुटले, आणि आता पुढच्या वर्गात आहे. सर व्हरांड्यात समोरून आले की अजून भ्या वाटतं. हे भ्या जाईल असं मला कुणी सांगू नये. ते जात नसतं.

पण मी ही डिग्री घेणार. घेऊन लोणी देवकरला जाणार, जिथं माझे चुलते पडले तिथंच, हातात आराखडा घेऊन, डोक्यावर हेल्मेट घालून. माझ्या साइटवर शिडीखालच्या माणसाला चहाला पाठवायचं नाही, खुर्च्या उचलायला बोलवायचं नाही. ज्याला बोलवायचं असेल त्यानं आधी माझ्याकडं यायचं, मग तो ठेकेदार असो, मालक असो, की माझेच सर असोत. मी कापत उभी राहीन, पण हलणार नाही. आणि वरचा विचारेल, “धरली का?” त्याला खालून उत्तर येईपर्यंत सगळं काम बंद.