रेसवाल्यांचा धाविक

शिंपीमास्तरांना कुणी जुगारी म्हटलं, की ते तोंडातल्या टाचण्या काढून शांतपणे म्हणत, "आहे. पुढे?"

तीस वर्षं दर शनिवारी दुकानाला कुलूप ठोकून ते रेसला जात आले होते. जोडीला निवृत्त पोस्टमन. दोघांत मिळून एक दुर्बीण, एक वही आणि एक तिकीट. वहीत पुढून घोडे, मागून पक्षी. दोन शर्यतींच्या मधे बाकीचे लोक चहा ढोसत, तेव्हा हे दोघे ट्रॅकच्या आतल्या माळावर कोण उतरलंय ते बघत. मास्तरांची बायको म्हणे, "एक व्यसन पुरलं नाही, म्हणून दुसरं लावून घेतलं."

आता त्याच माळावर गाड्या उभ्या करायचं ठरलं होतं. सोमवारी रोलर फिरणार होता. रेस क्लबने गावातल्या पक्षीमंडळाला एवढाच शब्द दिला होता, की मंडळाच्या नोंदीत तिथे पिल्लं असतील तर ती उडेपर्यंत काम थांबेल. मंडळाची माणसं दोनदा येऊन माळ बघून गेली, त्यांना काही दिसलं नाही. दिसेल कसं? ती सकाळी आली होती, घोड्यांच्या सरावाच्या वेळेला, घोडे माळावरूनच फिरत असताना. तेव्हा पाखरं गवतात दडून बसतात.

त्या शनिवारी पाचव्या शर्यतीत दोघांनी चार नंबरवर पैसे लावले. भाव एकाला अठरा. घोडे शेवटच्या वळणावर आले तेव्हा दुर्बीण मास्तरांच्या डोळ्याला होती. तेवढ्यात आतल्या गवतात काहीतरी तुरुतुरु धावलं, थबकलं, पुन्हा धावलं. तांबूस छाती, डोळ्यावर पांढरी भुवई. धाविक, जमिनीवरच अंडी घालणारा पक्षी! त्याच्या मागे मातीच्या रंगाची दोन पिल्लं.

"चार नंबर पुढे आहे का?" पोस्टमनने विचारलं.

"दोन पिल्लं आहेत."

"घोड्याला?"

मास्तरांनी दुर्बीण त्याच्या हातात कोंबली, बोटाने जागा दाखवली आणि वही शोधण्यात वेळ न घालवता मुठीतल्या तिकिटाच्या पाठीवरच चित्र काढायला घेतलं. लोक बाकांवर चढून ओरडत होते. चार नंबर जिंकल्याचं या दोघांना मागच्या माणसाने सांगितलं.

जिंकलेले पैसे मिळायची खिडकी सहाला बंद होते, मग तिकिटाची रद्दी. पण रेसकोर्सच्या फाटकासमोरची मंडळाची कचेरी साडेपाचलाच बंद होते आणि रविवारी उघडतच नाही. म्हणून दोघे आधी तिकडे पळाले.

अध्यक्षबाई, एकेकाळच्या मुख्याध्यापिका, पिशवी आवरत होत्या. त्यांनी ऐकून घेतलं. "फोटो?"

"मोबाइल फाटकावर जमा होतात, बाई."

"चित्र तर पुस्तकात बघूनही काढता येतं. राग मानू नका, पण रेसच्या माणसांच्या शब्दावर मी क्लबला काम थांबवायला सांगू?"

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी तिकीट टेबलावर ठेवून उलटं केलं. "हा पाचव्या शर्यतीचा चार नंबर. एकाला अठरा. तीस वर्षांत असा घोडा आम्हाला कधी लागला नाही. तो समोरून जिंकून गेला आणि आम्ही दोघांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. जुगारी माणूस असल्या वेळी मान वळवतो, ते कशासाठी? तुम्हीच सांगा."

बाईंनी चष्मा लावून त्या वेड्यावाकड्या रेघा निरखल्या. मग पिशवी खाली ठेवून म्हणाल्या, "नोंदीला मूळ कागद जोडावा लागतो. नक्कल चालत नाही."

मास्तरांनी पोस्टमनकडे पाहिलं. तिकिटातला अर्धा वाटा त्याचा होता. घराचं गळणारं छप्पर बदलायचं, असं तो दोन वर्षं घोकत होता.

"मला काय विचारतोस?" पोस्टमन गुरगुरला. "एक पिल्लू माझं आहे."

बाईंनी तिकीट अर्जाला टाचलं आणि पेन उघडलं. "नोंदवणाऱ्याचा व्यवसाय. शिंपी लिहू ना?"

"नको," मास्तर म्हणाले. "शिवताना नाही दिसला तो. रेसवाले लिहा. दोघांच्याही पुढे."

बाईंनी तसं लिहिलं. बाहेर आले तेव्हा सहाला पाच कमी होते. फाटकाजवळच्या पैशांच्या खिडकीपुढे अजून रांग होती आणि दोघे तिच्या शेजारून ताठ मानेने घराकडे निघाले.