दुपारचा प्रमोद

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो, आणि खरं सांगायचं तर हसण्यासाठी वाचतो. पिंपळाखालची बाई, रस्त्यात गाडीला हात दाखवणारा म्हातारा... जेवणाच्या सुटीत आम्ही ते मोठ्याने वाचून एकमेकांना टाळ्या द्यायचो. मी सरकारी नोकर. पेन्शनच्या केसेस तपासणं हे माझं काम. माणूस जिवंत आहे की गेला, हे मी दाखला बघून ठरवतो, स्वप्न बघून नाही. तेव्हा आता मी जे लिहितोय त्यावर तुम्ही हसलात तर माझी तक्रार नाही. फक्त शेवटपर्यंत वाचा. यात भीती थोडी आहे, लाजच जास्त आहे, आणि ती सगळी माझी आहे.

आमचं घर नागपूरला, नंदनवनमध्ये. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे जेमतेम अंगण. कंपाउंडच्या भिंतीपलीकडे डहाके काका राहतात, रिटायर्ड मास्तर. घरात मी, बँकेत नोकरी करणारी माझी बायको संध्या, आणि बाबा. मुलगी शिकायला पुण्याला. बाबा उमरेडच्या कोळसा खाणीत फिटर होते. आई गेल्यावर आमच्याकडे आले, आणि कोरोनाच्या आधीच्या हिवाळ्यात त्यांना लकवा मारला. उजवी बाजू पूर्ण गेली. बोलायचे, पण अडखळत. डोकं कधी जागेवर असायचं, कधी नसायचं.

मग लॉकडाउन लागला आणि आमच्या ऑफिसने घरून काम करायला सांगितलं. संध्याची बँक सुरूच होती, म्हणून दिवसभर घरी मी आणि बाबा. नातेवाईक म्हणाले, बघा, देवालाच काळजी! बाहेरून तसंच दिसत होतं. मी बाबांच्या पलंगासमोर टेबल टाकून लॅपटॉप उघडायचो. एका कानात मीटिंग, दुसऱ्या कानात "प्रमोद... पाणी." "प्रमोद... चादर." मी माईक म्यूट करून त्यांच्या अंगावर वसकन ओरडायचो आणि म्यूट काढून गोड आवाजात "येस सर" म्हणायचो. भरवताना एक घास तोंडात असतानाच दुसरा पुढे धरायचो, कारण स्क्रीनवर फाइल वाट बघत असायची. एकदा ठसका लागून त्यांचे डोळे पांढरे झाले, तेव्हाही माझ्या तोंडून पहिलं काय निघालं, तर "हळू खाता येत नाही का?"

अशी दोनेक वर्षं गेली. मग ऑर्डर आली. घरून काम बंद, शंभर टक्के उपस्थिती.

ऑफिसच्या ग्रुपवर एकच कल्लोळ उडाला. संघटनेने विरोधाचं निवेदन द्यायचं ठरवलं आणि माझी भाषा बरी म्हणून लिहायला मला बसवलं. मी ते असं काही रंगवलं — अंथरुणाला खिळलेले वृद्ध आईवडील, त्यांचे डोळे दाराकडे लागलेले वगैरे — की वाचून लोक हळहळले. साहेबांच्या केबिनमध्ये संघटनेच्या सेक्रेटरीने माझ्याकडे बोट दाखवलं. "सर, आता या प्रमोदचंच बघा. बाप लकव्यानं पडून आहे." मी मान खाली घातली. आणि मान खाली घालून मी मनातल्या मनात टेकडीच्या गणपतीला साकडं घालत होतो, की साहेबांनी हे निवेदन फेटाळावं.

साहेबांनी फेटाळलं. बाहेर येऊन सगळे बोटं मोडत होते, आणि मी टपरीवर तर्री पोहे मागवले. इतके गोड पोहे मी जन्मात खाल्ले नव्हते.

बाबांसाठी शोभाबाई ठरली. दुपारी यायची, त्यांना जेवू घालायची, अंग पुसायची, संध्याकाळी आम्ही यायच्या जरा आधी निघायची. सकाळचा थोडा वेळ बाबा टीव्हीसमोर एकटे. मी नऊच्या ठोक्याला स्कूटर काढायचो आणि सिव्हिल लाइन्सकडे असा निघायचो, जसा शाळा सुटलेला पोरगा घरी निघतो.

काही दिवसांनी डहाके काकांनी भिंतीवरून हाक मारली. "काय गा प्रमोद, ऑर्डर फिरली वाटते तुमची?"

"नाही काका. काहून?"

"नाही म्हंजे... दुपारी आवाज येत होता तुझा. बाबाले काहीतरी गोष्ट सांगून राहिला होता. म्हटलं बरं झालं बाप्पा, पोरगा घरी आहे."

टीव्ही असेल, मी म्हणालो. काका मास्तर माणूस, वाद घालत नाहीत. पण त्यांनी मान हलवली नाही.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी घरी आलो तर बाबांची दाढी केलेली. मी दर रविवारी करायचो, घाईत, इकडे-तिकडे खुंट ठेवून. हनुवटीखाली एक खोलगट जागा आहे त्यांची, तिथे मला कधी ब्लेड नीट चालवता आलं नाही. तिथेही हात फिरवला, गुळगुळीत.

"दाढी कोणी केली बाबा?"

"तूच त केली. दुपारी."

मी शोभाबाईला फोन लावला. म्हटलं, सांगत जा तरी. तर ती म्हणते, "मी त आलीच नाही साहेब आज. काल बी नाही. तुमीच त दार उघडलं. म्हणले, आज मी आहो घरी, तुमी जा."

माझं डोकं फिरलं. दोन दिवस दांडी मारून वर हे! नाही नाही ते बोललो तिला. शेवटी एवढंच म्हणाली, "खोटं कायले बोलू साहेब? तुमच्या खांद्यावर बाबाचा टॉवेल होता." आणि फोन ठेवला. त्यानंतर ती आली नाही.

संध्या म्हणाली, दुसरी बाई बघा लवकर, तोवर आपण दोघं आळीपाळीने रजा टाकू. एक दिवस तिने टाकली. दुसऱ्या दिवशी माझी पाळी होती, पण ऑफिसात तपासणी होती, निदान मी घरी तसं सांगितलं. बाबांचा मोबाइल त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला, डहाके काकांना लक्ष ठेवायला सांगितलं आणि निघालो.

दुपारी ऑफिसच्या कॉरिडॉरमध्ये उभा राहून मी बाबांना फोन लावला. बराच वेळ रिंग वाजली. मग उचलला.

"हां, बोला. बाबा जेवून राहिले. थोड्या वेळानं करा."

आवाज माझा होता. रेकॉर्डिंगमध्ये आपला आवाज परका वाटतो ना, तसा नाही. बोलताना आपल्याला आतून जसा ऐकू येतो, तसा. फक्त त्याला कसलीच घाई नव्हती. आणि मागे बाबा हसले. लकव्यानंतर मी त्यांना हसताना ऐकलं नव्हतं... मी "हॅलो" म्हणेपर्यंत फोन बंद झाला.

आता तुम्ही म्हणाल, मग धावत घरी गेला असशील. कोणीही गेला असता. कोण शिरलंय घरात, अर्धांगवायू झालेल्या म्हाताऱ्याजवळ कोण बसलंय, हे बघायला कोणीही स्कूटर पिटाळली असती. मी घाबरलो होतो, हे खरं. पण त्या भीतीतून माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो हा, की चला, जेवले म्हणजे. मी जागेवर गेलो आणि डबा उघडला. हे लिहितानाही मला मेल्याहून मेल्यासारखं होतंय, पण तसंच झालं.

आणि मग मी दुसरी बाई शोधलीच नाही.

संध्या विचारायची, "भेटली का कोणी?" मी म्हणायचो, शोधून राहिलो. बाबांच्या पाठीला पडून पडून जखम झाली होती, ती भरत आली. नखं कापलेली असायची. डहाके काका म्हणायचे, "दुपारी घरी येणं जमवतो तू, चांगलं करतो गा." मी हो-ला-हो करायचो. खरं तर त्या प्रत्येक दुपारी मी ऑफिसात माझ्या खुर्चीवर होतो, शेजारच्या टेबलावरचा वानखेडे साक्षीला आहे. संध्याने रजा टाकणं बंद केलं. एकदा माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "बाबा बरे दिसून राहिले आजकाल." तिला काय कळलं होतं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही, तिनेही नाही.

भीती मावळली आणि तिच्या जागी दुसरंच काहीतरी आलं. हेवा म्हणा. संध्याकाळी मी बाबांजवळ बसलो की ते दुपारच्या गोष्टी सांगायचे. दुपारच्या प्रमोदने खाणीतल्या जुन्या मित्रांची नावं विचारली. दुपारच्या प्रमोदने पाय चेपले. "तो गडबड नाही करत," बाबा म्हणायचे. माझ्याच बापाकडून माझंच कौतुक, आणि त्यात मी कुठेच नाही! शेवटी चिडून एक दिवस मी रजा टाकली. म्हटलं, बघतोच.

त्या दिवशी लॅपटॉप नाही, फोन बंद. मऊ खिचडी केली, वर तूप. पलंगाशी स्टूल घेऊन बसलो आणि छोटा घास केला. बाबांनी तोंड फिरवलं. मी थांबलो. कधी नव्हे तो खरंच थांबलो. पुन्हा घास पुढे केला. ते दाराकडे बघत होते.

"खा ना बाबा."

"तू आज ऑफिसले नाही गेला?"

"नाही. आज दिवसभर तुमच्याजवळ आहो."

मला लागू नये अशा बेताने काहीतरी सांगायचं होतं त्यांना, ते शब्द शोधत होते. मग डावा हात माझ्या गुडघ्यावर ठेवून म्हणाले, "जाय ना गा तू. तू घरी असला का तो येत नाही... मले भूक लागली."

मी ताट झाकून स्टुलावर ठेवलं. चपला घातल्या, दार ओढून घेतलं आणि स्कूटर काढली. जायला कुठे जागा नव्हती. सक्करदऱ्याच्या तलावाकाठी जाऊन उन्हात बसलो. फोन करावासा वाटला, हिंमत झाली नाही. पुन्हा तोच आवाज आला असता तर त्याला मी काय सांगणार होतो? मी तिथे बसून रडलो, एवढं सांगतो. संध्याकाळी घरी आलो तेव्हा बाबा झोपले होते. तोंड पुसलेलं, ताट घासून पालथं घातलेलं.

त्यानंतर मी एकही रजा घेतली नाही. आमच्या साहेबांनी मीटिंगमध्ये सर्वांसमोर माझं नाव घेतलं. घरून काम मागणाऱ्यांनी यांच्याकडून शिकावं, म्हणाले.

बाबा रविवारी गेले. सकाळी मी चहा पाजायला बसलो तर म्हणाले, "आज सुट्टी आहे काय?"

"हो बाबा, रविवार आहे."

"अस्सं," म्हणाले आणि डोळे मिटले. चहा घेतला नाही. दुपार व्हायच्या आत ते गेले.

बाबा गेल्यावर त्या दुपारच्या प्रमोदला कोणी पाहिलं नाही. एका डॉक्टर मित्राला सांगितलं, तो म्हणाला तुझ्यावर ताण होता. असेल. पण मग ती दाढी कोणाच्या ताणाने झाली? एका महाराजांकडेही जाऊन आलो, त्यांनी शांत करायला सांगितली. कोणाची शांत करायची? जिवंत तर मीच आहे.

आपल्याकडे घाटावर अग्नी दिल्यावर शोकसभा होते, माहीतच आहे तुम्हाला. चारदोन लोक उभे राहून बोलतात. बाबांच्या वेळी डहाके काका उठले. "मी यांच्या भिंतीपलीकडे राहतो," ते म्हणाले. "ऑफिस सुरू झालं, लोकांनी म्हाताऱ्यांना वाऱ्यावर सोडलं. पण हा पोरगा रोज दुपारी घरी येऊन बापाले आपल्या हातानं घास भरवे. मी माझ्या कानानं ऐकलं आहे. एकदाही त्याचा आवाज चढला नाही."

ऑफिसचे लोक एका बाजूला उभे होते. वानखेडे माझ्याकडे बघत होता. तो रोज दुपारी माझ्यासमोर बसून डबा खायचा. त्याने तोंड उघडलं असतं तर तिथल्या तिथे सगळं उघड झालं असतं. पण घाटावर कोणी कोणाचं खोडून काढत नाही. त्याने नजर खाली वळवली. बायाबापड्यांनी डोळ्यांना पदर लावला, कोणीतरी माझी पाठ थोपटली. उठून सांगावं असं फार वाटलं, की तो मी नव्हतो, मी तर निवेदन फेटाळलं म्हणून पोहे खाणारा माणूस आहे.

मी हात जोडले.

तेरवीच्या पंगतीत लोक आपापल्या मुलांना माझ्याकडे बोट दाखवून सांगत होते, मुलगा असावा तर असा. संध्या वाढत होती, तिने ऐकलं आणि ती आत निघून गेली. तेव्हाही मी हातच जोडले.