डावीकडे कोण होतं

कर्जत स्टेशनबाहेरच्या त्या झेरॉक्सच्या दुकानात मालकासाठी एक खुर्ची होती, पण तिच्यावर मालकाला बसलेलं मी कधी पाहिलं नाही. काका काउंटरपासून मागच्या कपाटापर्यंत सारख्या फेऱ्या घालत असायचे. त्यांना सगळे 'पुढचा महिना' म्हणत. एखादा रिक्षावाला बाहेरूनच विचारी, "काय काका, आला का पुढचा महिना?" काका मान न वळवता म्हणत, "येतोय रं. तुझ्या रिक्षासारखा चढावर बंद पडलाय."

दुकानात पूर्वी व्हिडिओ कॅसेटची लायब्ररी होती. ती बंद पडली, झेरॉक्सचं मशीन आलं, पण मागचं कपाट काकांनी हलवलं नाही. त्यात जुन्या, संथ, थिएटरात फार न चाललेल्या चित्रपटांच्या डिस्क उभ्या लावलेल्या होत्या. मधोमध एक फट. शेजारची डिस्क त्या फटीत कलली की काका ती सरळ करायचे. ती जागा ज्या चित्रपटाची होती, त्याची डिस्क अजून निघालीच नव्हती.

त्यांच्याकडे त्याची फक्त कॅसेट होती, आणि तिच्यावर त्यांचा राग होता. मूळ चित्र रुंद, जुन्या टीव्हीचा पडदा चौकोनी. म्हणून कॅसेट काढताना चित्राच्या दोन्ही बाजू कापलेल्या. शेवटच्या दृश्यात भात लावणारी एक बाई कंबर सरळ करते, डावीकडे बघते आणि हसते. तिथे चित्रपट संपतो. ती ज्याच्याकडे बघून हसली, तो माणूस कापलेल्या भागात गेला. इंटरनेटवर होतं तेही असल्याच कॅसेटवरून चढवलेलं.

"आख्ख्या पिक्चरमधी ती एकदाच हसते," काका म्हणायचे, "आणि कोणाकडं, ते यांनी कात्रीनं उडवलं. नवऱ्याकडं का मुकादमाकडं? तू सांग."

मी तिथे स्कॉलरशिपचे कागद घेऊन गेले होते. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. काकांनी कागद बघितले आणि विचारलं, "इंग्रजी वाचतेस का गं?" जुने चित्रपट साफसूफ करून डिस्कवर आणणाऱ्या परदेशी कंपन्या दर महिन्याला पुढची नावं जाहीर करतात. तेवढं त्यांना वाचून हवं होतं. मी अडखळायचे, लाज वाटायची. ते फेऱ्या घालत म्हणायचे, "हळू वाच. घाई मला हाय, तुला नाय." त्या चित्रपटाचं नाव नसायचंच. "बरं. पुढच्या महिन्यात."

माझी आई कळंबला दुसऱ्यांच्या शेतात लावणीला जाते. तिला मी त्या बाईचं हसणं सांगितलं. ती म्हणाली, "जेवायची हाक आली असंल. वाकून वाकून बाई आनखी कशाला हसंल?" मी हे काकांना सांगितलं तर ते तडकले. "तुझ्या आईला भूक लागली असंल. एवढा मोठा पिक्चर भाकरीसाठी काढतात का?"

गेल्या वर्षी काका काउंटरच्या कोपऱ्याला धडकू लागले. शेजारी कोणी चहा घेऊन उभा असला तर त्यांच्या कोपराने सांडायचा. खोपोलीच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. नजरेच्या कडा गेल्या होत्या, त्या परत येणार नव्हत्या. उरलेली नजर टिकावी म्हणून थेंब दिले. काका दुकानात आले आणि डोळ्याशेजारी बोट लावून म्हणाले, "कात्री आता हितं आली."

त्यानंतर त्यांच्या फेऱ्या वाढल्या. मध्येच ते एखादी डिस्क लावायचे आणि मला डावीकडे बसवून विचारायचे, "कडेला काय हाय?"

"खिडकी. बाहेर कुत्रं."

"बसलंय का उभं?"

मला पुन्हा बघावं लागायचं. "उभं."

"मग तसं सांग ना. ती डिस्क आली की असं चालायचं नाय."

तेव्हापासून मी कुठलंही चित्र आधी कडेपासून बघते. वर्गातला फळासुद्धा.

यंदा एम.ए.साठी मी पुण्याला आले. निघताना काकांनी विचारलं, "तिकडं नेट असतं ना?" एवढंच. मागच्या आठवड्यात हॉस्टेलच्या जेवणघरात मी नेहमीसारखं ते पान उघडलं, आणि ते नाव दिसलं. माझ्या इंग्रजीवर माझा भरवसा नाही, म्हणून मैत्रिणीकडून वाचून घेतलं. नवीन डिस्क, पूर्ण रुंदीचं चित्र, दिवाळीनंतर.

मी फोन करून काकांना ते वाचून दाखवलं. पलीकडे पावलांचा आवाज थांबला. मग खुर्ची करकरली.

"काका, बसलात का?"

"बसलो जरा. दिवाळी लांब हाय गं. डॉक्टर म्हनतो, अजून थोडं गेलंय."

"थेंब घालताय ना?"

"घालतोय. तू येशील ना डावीकडं बसायला?"

"येईन."

"तुझ्या आईला पन आण. जेवायची हाक असली तर तिला आधी कळंल."

मी हसले. तेवढ्यात खुर्ची पुन्हा करकरली, आणि फेऱ्या सुरू झाल्या.