कायमचा पत्ता

अर्जदार : कुमारी अनुया नंदकुमार शिरगुप्पे. वय अठरा. जन्म क्रॉयडन, शाळा क्रॉयडन, गोवराची लस क्रॉयडन. नागरिकत्व ब्रिटिश. कायमचा पत्ता : किल्ला भाग, मिरज, जिल्हा सांगली. पत्रव्यवहाराचा पत्ता : क्रॉयडन. युनायटेड किंग्डममध्ये राहण्याचे कारण : वडिलांची नोकरी. सबब वर्गवारी : परदेशी.

बर्मिंगहॅमच्या ज्या विद्यापीठात अनुयाला मेकॅनिकल इंजिनिअरिंग करायचं होतं, त्याच्या फी-विभागाकडे तिची ही अशी नोंद झाली होती. त्यातली शेवटची ओळ सोडली तर बाकी सगळं तिच्या बाबांनी स्वतः भरलेलं होतं. नंदू शिरगुप्पे क्रॉयडनच्या एका विमा कंपनीत कॉम्प्युटर सांभाळत आणि घरात फॉर्मखातं सांभाळत. ते ज्या देशातून आले तिथे प्रत्येक फॉर्मवर दोन पत्ते असतात. एक, जिथे पत्र पोचतं तो. दुसरा, जिथला माणूस असतो तो. दुसऱ्याला कायमचा म्हणतात, आणि तिथे कोणी राहत असावं अशी अपेक्षा नसते. इंग्रजांना हा बारकावा ठाऊक नाही. त्यांनी वाचलं ते असं, की ही मुलगी मूळची मिरजेला राहते आणि बापाच्या नोकरीपायी गेली अठरा वर्षं तात्पुरती इथे आली आहे.

परदेशी ठरल्यावर फी तिपटीहून जास्त, आणि सरकारी कर्ज शून्य. अनुयाच्या सगळ्या मैत्रिणी त्या कर्जावरच निघाल्या होत्या. सरकार फी परस्पर विद्यापीठाला देतं, आपण पुढे पगारातून फेडायची, पगार बरा असला तर. त्याला कोणी कर्ज म्हणत नसे. स्टुडंट फायनान्स म्हणत, जणू तोही एक विषय आहे.

मग बाकीचे मार्ग धुंडाळून झाले. फी कंपनी भरते आणि आपण नोकरी करत शिकतो अशा अप्रेंटिसशिपचे अर्ज हिवाळ्यातच बंद झाले होते. मराठी मंडळाची शिष्यवृत्ती होती, पण ती ढाल आणि पुस्तकांचं कूपन या स्वरूपात होती. सुपरमार्केटच्या गल्ल्यावर ती शनिवारी बसतच होती; आठवड्याचे सातही दिवस शनिवार केले तरी भागत नव्हतं. स्टॅनमोरच्या राजीवमामाने फोनवर तासभर सल्ला दिला. तो मात्र फुकट होता.

"बाबा, मग मिरज विका ना," अनुया जेवताना म्हणाली.

आईचा वाढता हात थांबला.

"तुम्हीच म्हणता ना नेहमी, शिक्षणाची काळजी करायची नाही, मिरज आहे. तर मग, धिस इज इट. विका तो घर."

"ते घर," बाबा म्हणाले.

"ते घर. विका."

"असं उठून विकता येत नाही. आधी अपील करू."

"नंदू," आई म्हणाली, "सांग तिला."

"काय सांगायचंय? अपील करू म्हणतोय ना."

अपिलात फी-विभागाच्या बाईंनी स्वतः फोन केला. संभाषण अर्थातच इंग्रजीत. बाबांनी फोन स्पीकरवर लावून टेबलावर ठेवला आणि समोर हात जोडून बसले. ही त्यांची सरकारी कचेरीतली बैठक.

"मिस्टर शिर-गुप्पी, मिरजमध्ये तुमचं घर आहे का?"

"ते आमचं मूळ गाव आहे."

"हो, ते तुम्ही लिहिलंय. तिथे घर आहे का? उद्या नोकरी संपली तर जाऊन राहता येईल असं?"

गोष्ट साधी होती, हे अनुयाला कळत होतं. हो म्हटलं की ती परदेशी, नाही म्हटलं की खोटं. आणि बाबा पार्किंगच्या दंडाच्या अपिलातसुद्धा खरं लिहून पुन्हा दंड भरणारे. तिने त्यांचा दंड धरला आणि पुटपुटली, "बाबा, प्लीज. एकदाच खोटं बोला ना."

बाबांनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

"नाही," ते फोनला म्हणाले. "तिथे आमचं घर नाही."

इतकं सराईत खोटं बाबांना जमेल असं अनुयाला वाटलं नव्हतं. तिला त्यांचा थोडा अभिमानही वाटला.

"याचा काही पुरावा देऊ शकाल?" बाईंनी विचारलं.

"विक्रीचं खरेदीखत आहे. मराठीत आहे, भाषांतर करून ईमेल करतो."

खोटं बोलता येतं. खरेदीखत असं बसल्या जागी उगवत नाही. अनुयाने आईकडे पाहिलं. आई टेबल पुसत होती, स्वच्छ होतं तरी.

फोन संपल्यावर तिने विचारलं, "कधी?"

"तू इयर नाइनला होतीस. तेरा-चौदा वर्षांची."

"तेव्हा तुम्ही घरून काम करत होता."

"घरी होतो," बाबा म्हणाले. "काम नव्हतं. या घराचं मॉर्गेज भरायचं होतं."

"मग सारखं मिरज आहे, मिरज आहे का सांगत होता मला? मी युनिव्हर्सिटीज निवडल्या त्याच्यावर, बाबा. बर्सरीवाल्या, पैशांची मदत देणाऱ्या, त्या सोडल्या मी. मला वाटला, बॅकअप आहे."

या वाक्यातलं व्याकरण बाबांनी दुरुस्त केलं नाही. त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला.

"रकाना रिकामा सोडायचा नसतो गं," ते म्हणाले.

अनुया वर निघून गेली. पुढच्या आठवड्यात विद्यापीठाने तिची वर्गवारी बदलून तिला स्वदेशी केलं. कर्जाचा अर्ज तिने स्वतः भरला, बाबांना न दाखवता. फेड चाळीस वर्षांपर्यंत चालू शकते हे तिने दोनदा वाचलं आणि खाली टिक केलं. बाबा दाराशी येऊन "काही अडलं तर सांग" म्हणाले. ती "नाही अडलं" म्हणाली. ते थोडे थांबले आणि खाली गेले.

मग तिने फोनवर नकाशा उघडून मिरजेच्या त्या घराचा पत्ता टाकला. तिथे आता दातांचा दवाखाना आहे. रविवारी बंद असतो.