काखेखालचा पट्टा

गाड्यांची सीटकव्हरं शिवण्यात मास्तरांचा हात धरणारा कुणी नव्हता. बावीस वर्षं मशीनवर वाकून कंबर गेली, पण टाका कधी वाकडा गेला नाही. गिऱ्हाइकाची कुरकुर मात्र त्यांना बघवायची नाही.

ठेंगण्या चणीच्या नर्सबाई म्हणाल्या, सीटबेल्ट मानेला काचतो. मास्तरांनी लगेच सीटच्या कडेला कापडी बंद शिवून दिला. त्यातून ओवला की पट्टा काखेखालून जायचा. बाई खूश झाल्या. मग मास्तरांनी आणखी नऊ गाड्यांना तसे बंद लावले.

दोन महिन्यांनी बाईंचा भाऊ ती गाडी घेऊन आला. चौकात पुढच्या टेम्पोनं ब्रेक मारला आणि बाई मागून धडकल्या होत्या. वेग बेताचाच होता.

"फार लागलं का?"

"चार बरगड्या मोडल्या. यकृताला चीर गेली. डॉक्टर म्हणाले, पट्टा खांद्यावरून असता तर इतकं झालं नसतं. काखेखालून लावायचं कुणी सुचवलं, कोण जाणे."

"तो बंद मी शिवलाय," मास्तर कसंबसं म्हणाले.

भावानं गाडीच्या दाराजवळच्या खांबावरचं बटण दाबून पट्ट्याचं वरचं टोक चार बोटं खाली सरकवलं. "पट्टा असा खाली घेता येतो, हे मलाही कालच गॅरेजात कळलं."

त्या बटणाच्या आजूबाजूला मास्तरांनी शेकडो कव्हरं चढवली होती, पण ते कधी दाबून पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते इस्पितळात गेले. बाई स्वतःच्याच वॉर्डात, खाटेवर होत्या. "मास्तर, मागितलं मीच होतं," त्या दमत दमत म्हणाल्या.

"पण शिवलं मी, बाई."

परत येऊन त्यांनी फोन लावले. सात गाड्या आल्या. बंद उसवून मास्तर प्रत्येकाला बसवून दाखवत, खालचा पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडांवर. वरचा खांद्याच्या मधोमध, पीळ न पडता. आठवा मालक फोनवरच हसला, "आजवर काही झालं नाही ना? राहू द्या." मास्तर त्याच्या दारात जाऊन उभे राहिले. किल्ली हातात मिळेपर्यंत हलले नाहीत.

नववी गाडी विकली गेली होती. कुणाला, ते जुन्या मालकालाही धड सांगता येईना. मास्तर अजून येणाऱ्याजाणाऱ्याला त्या गाडीचा रंग सांगून विचारतात.